व्हिएन्नाचे हुंडर्टवासर हाऊस कसे पाहावे : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट अशी तीन शहरांची सहल करणाऱ्या मराठी मंडळींच्या मोबाइलमध्ये एका रंगीबेरंगी, वेड्यावाकड्या इमारतीचे फोटो हमखास असतात. त्या इमारतीचे नाव विचारले तर अनेकांना ते आठवत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझीही गत तीच झाली. आमच्या बसने आम्हाला कोपऱ्यावर सोडले आणि वीस मिनिटे दिली. त्यातली आठ स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली, उरलेली एकमेकांचे फोटो काढण्यात. दुसऱ्या वेळी मी एकटा ट्रामने गेलो आणि साडेतीन तास तिथेच रमलो. पुढच्या सूचना त्या दुसऱ्या भेटीच्या आधारे लिहिल्या आहेत.

जाण्यापूर्वी काय माहीत हवे

हुंडर्टवासर हाऊस हे संग्रहालय नाही. ते व्हिएन्ना महानगरपालिकेने भाडेकरूंसाठी बांधलेले घर आहे आणि त्यात आजही भाडेकरू राहतात. आपल्याकडच्या माणसाला चटकन समजावे म्हणून म्हाडाचे उदाहरण देता येईल, परंतु म्हाडाचे घर सोडतीत लागले की ते बहुधा विकत मिळते, व्हिएन्नात मात्र घराची मालकी महापालिकेकडेच राहते आणि कुटुंबे भाडे भरून राहतात. अशा सुमारे २,२०,००० सदनिका या शहराच्या मालकीच्या असून शहरातला अंदाजे दर चौथा माणूस अशा घरात राहतो. तिथे या वसाहतींना ‘गेमाइंडेबाऊ’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवावा, कारण दिवसभर तो उपयोगी पडेल. त्यातल्या बहुतेक इमारती साध्या असतात. त्यांच्यातलीच एक अशी का निघाली, हे कळले तर ती पाहण्याची पद्धत आपोआप बदलते.

फ्रिडेन्सराइख हुंडर्टवासर हा चित्रकार होता, वास्तुविशारद नव्हता. तो १९२८ मध्ये व्हिएन्नात जन्मला. त्याचे मूळ नाव फ्रिड्रिख श्टोवासर. स्लाव्ह भाषांत ‘स्तो’ म्हणजे शंभर, म्हणून त्याने आडनावाच्या पहिल्या तुकड्याचे जर्मन भाषांतर करून ‘हुंडर्ट’ केले. सरळ रेषेशी त्याचे वैर होते. पट्टीने आखलेली रेष निसर्गात सापडत नाही आणि तिच्या चौकटीत माणसाला कोंबणे हा त्याच्यावर अन्याय आहे, असे तो आयुष्यभर सांगत राहिला. १९५८ मध्ये त्याने वास्तुकलेतील अतिरेकी तर्कवादाविरुद्ध एक जाहीरनामा वाचला, ज्यात सरळ भिंतींपेक्षा बुरशी चढलेली भिंत बरी, अशा धाटणीची मांडणी होती. पुढे त्याने ‘खिडकीचा हक्क’ आणि ‘झाड-भाडेकरू’ या दोन कल्पना मांडल्या. त्यांचा अर्थ जागेवरच नीट कळतो, म्हणून त्या पुढे घेतो.

बोलणाऱ्याच्या हाती जागा देऊन ‘दाखवा करून’ म्हणणारे सरकार विरळा. ऑस्ट्रियाचे चान्सलर ब्रुनो क्रायस्की यांनी १९७७ मध्ये व्हिएन्नाचे महापौर लेओपोल्ड ग्राट्स यांना पत्र लिहून या चित्रकाराला घर बांधू द्यावे असे सुचवले आणि ग्राट्स यांनी ते मानले. तांत्रिक बाजू सांभाळण्यासाठी योसेफ क्राविना हे वास्तुविशारद नेमले गेले, पण त्यांनी १९७९ मध्ये दाखवलेला नमुना हुंडर्टवासरला नको तितका चौकटीतला वाटला व त्याने तो नाकारला. क्राविना बाजूला झाले आणि महापालिकेच्या सेवेतील पेटर पेलिकान यांनी काम पुढे नेले. बांधकाम १९८३ ते १९८५ या काळात झाले. हुंडर्टवासरने मानधन घेतले नाही. या जागी काही कुरूप उभे राहिले नाही एवढ्यावरच आपले पैसे वसूल, अशी त्याची भूमिका होती. भाडेकरू येण्याआधी घर लोकांना पाहण्यासाठी खुले केले तेव्हा सुमारे ७०,००० माणसे आली. तेव्हापासून गर्दी कमी झालेली नाही.

गोष्टीचे शेपूट पुढे न्यायालयात गेले. २०१० मध्ये ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च न्यायालयाने क्राविना यांनाही सहनिर्माते ठरवले. त्यामुळे काही पोस्टकार्डांवर व पुस्तिकांवर ‘हुंडर्टवासर-क्राविना हाऊस’ असे नाव दिसेल. ही वेगळी इमारत नाही, गोंधळून जाऊ नये.

कधी जावे, किती वेळ ठेवावा

घर बाहेरूनच पाहायचे असल्यामुळे तिकीट नाही आणि वेळेचे बंधनही नाही. सहलींच्या बसगाड्या साधारण दहानंतर येऊ लागतात आणि दुपारी चारपर्यंत त्यांचा ओघ चालू राहतो, म्हणून सकाळी साडेआठच्या सुमारास पोहोचणे उत्तम. त्या वेळी दारातून बाहेर पडणारी माणसे पर्यटक नसतात, तिथले रहिवासी असतात. पाठीवर दप्तर घेतलेली मुले आणि सायकल ढकलत नेणारी माणसे दिसली की ही घरेच आहेत, हे सांगावे लागत नाही.

ऋतूचा प्रश्न थोडा चकवणारा आहे. मे ते सप्टेंबर हवा सुखद असते, पण इमारतीवरची आणि समोरची झाडे पानांनी इतकी भरतात की दर्शनी भाग बराचसा झाकला जातो. हे घर बांधणाऱ्याच्या इच्छेनुसारच आहे, तरीही फोटोसाठी आलेल्यांचा हिरमोड होतो. रंग आणि रेषा स्पष्ट दिसायला हव्या असतील तर एप्रिलचा पहिला पंधरवडा किंवा नोव्हेंबर निवडावा आणि अंगावर जाड कोट ठेवावा.

केवळ घर आणि समोरची गल्ली यांना दीड तास पुरतो. त्याला जोडून जवळचे संग्रहालय पाहायचे असेल तर अर्धा दिवस काढावा. मी पुढे सुचवलेला पूर्ण मार्ग केला तर संध्याकाळ होते.

तिथे कसे पोहोचावे

घर शहराच्या तिसऱ्या विभागात, लांडश्ट्रासे भागात, केगेलगासे आणि ल्योवेनगासे या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर आहे. ‘गासे’ म्हणजे गल्ली. पत्ता विचारताना ‘हुंडर्टवासर’ एवढे म्हटले तरी कोणीही बोट दाखवते.

सोपा मार्ग म्हणजे एक क्रमांकाची ट्राम. ती शहराच्या मध्यभागी ऑपेरापाशी किंवा श्वेडनप्लात्सला मिळते. ‘प्राटर हाउप्टअल्ले’ अशी पाटी असलेल्या दिशेची ट्राम पकडावी आणि ‘हेट्सगासे’ या थांब्यावर उतरावे. ज्यांना चालायला आवडते त्यांनी यू-तीन किंवा यू-चार या मेट्रोने लांडश्ट्रासे स्थानकावर उतरून पंधरा मिनिटे चालत जावे. विमानतळावरून येणारी एस-सात ही लोकल त्याच ठिकाणच्या व्हिन मिटे स्थानकावर येते. मी दुसरा मार्ग सुचवेन, कारण वाटेत साध्या, राखाडी आणि पिवळसर, चार-पाच मजली जुन्या इमारतींच्या रांगाच रांगा लागतात. त्या डोळ्यांत भरून घेतल्यावरच कोपऱ्यावरचा धक्का नीट बसतो.

छापील तिकीट असेल तर ते यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायला विसरू नये. तपासनीस अनेकदा साध्या कपड्यांत असतात आणि ‘आम्ही पर्यटक आहोत, माहीत नव्हते’ हे कारण त्यांनी आयुष्यात हजारदा ऐकलेले असते.

पहिली दहा मिनिटे : समोरच्या पदपथावर

कोपऱ्यावर पोहोचल्यावर लगेच जवळ जाऊ नये. ल्योवेनगासेच्या विरुद्ध बाजूच्या पदपथावर उभे राहून आधी संपूर्ण इमारत नजरेत घ्यावी. फोटोसाठी रस्त्याच्या मधोमध उभे राहण्याचा मोह होतो, पण त्या रस्त्यावर ट्रामचे रूळ आहेत आणि ट्राम आवाज न करता मागून येते.

आता क्रमाने पाहावे.

सर्वप्रथम रंग. निळा, पिवळा, विटकरी, पांढरा असे ठिगळ लावल्यासारखे रंग दिसतात आणि ते हवे तिथे फासल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात रंगाचा एकेक पट्टा म्हणजे एकेक घर आहे. दोन घरांमधल्या सीमेवर छोट्या फरशांची वळणावळणाची रेघ आहे. हे समजले की आपण नकाशा वाचू लागतो : हे निळे एका कुटुंबाचे, त्याच्या शेजारचे पिवळे दुसऱ्याचे. आपल्या शहरांतल्या वीस मजली टॉवरमध्ये आपले घर कोणते, हे खालून दाखवताना ‘बाराव्या मजल्यावर, डावीकडून तिसरी खिडकी, जिथे लाल टॉवेल वाळतोय ती’ असे सांगावे लागते. इथल्या मुलाला तसे सांगावे लागत नसणार.

फरशांच्या त्या रेघेकडे जवळ जाऊन पुन्हा एकदा पाहावे. पुण्या-मुंबईच्या जुन्या गच्च्यांवर ऊन परतवण्यासाठी फुटक्या फरशांचे तुकडे बसवलेला चायना मोझॅक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही कारागिरी अगदी ओळखीची वाटेल. गवंड्याने दोरी न धरता, ओळंबा न सोडता, हाताच्या अंदाजाने तुकडा शेजारी तुकडा लावत नेल्यावर रेघ जशी हलते तशीच ती हलते. माझ्या मते या इमारतीतला सगळ्यांत प्रामाणिक भाग हाच आहे, कारण त्यात कारागिराचा हात अजून दिसतो.

मग खिडक्या. घर भिंतींचे नसून खिडक्यांचे बनते, असे हुंडर्टवासरचे म्हणणे होते. इथे खिडक्या एका ओळीत नाहीत, एका मापाच्याही नाहीत. ‘खिडकीचा हक्क’ म्हणजे काय, तर भाडेकरूने आपल्या खिडकीतून बाहेर झुकून हात पोहोचेल तेवढी बाहेरची भिंत स्वतःच्या मनाप्रमाणे रंगवावी, सजवावी. या घराच्या भाडेकरारात तो हक्क दिलेला आहे. बाहेरची भिंत कोणत्या रंगाची असावी यावरून ज्यांच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभा रात्री अकरापर्यंत लांबल्या आहेत त्यांनी या कलमावर दोन मिनिटे विचार करावा. खिडक्या मोजत बसण्यात मजा आहे. एकसारख्या दोन शोधण्याचा खेळ सोबतच्या मुलांना लावून द्यावा, तेवढाच मोठ्यांना निवांतपणा मिळतो.

यानंतर झाडे. घरात ५२ सदनिका आणि चार दुकानगाळे आहेत, १६ खासगी व तीन सामायिक गच्च्या आहेत आणि त्या सगळ्यांवर मिळून सुमारे २५० झाडे-झुडपे आहेत. ही कुंड्यांत ठेवलेली शोभेची झाडे नाहीत. गच्च्यांवर माती टाकून त्यात ती लावली आहेत, आणि काही झाडे तर खिडकीतून बाहेर डोकावतात. हुंडर्टवासरच्या मते माणसाने जमिनीवर घर बांधून झाडांची जागा घेतली, तेव्हा ती जागा त्यांना वरच्या मजल्यांवर परत द्यायला हवी. झाड सावली देते, धूळ अडवते, हवा स्वच्छ करते, म्हणजे भाडेही भरते. म्हणून ते ‘झाड-भाडेकरू’.

पहिल्या भेटीत आमच्या गटातल्या एका निवृत्त अभियंता काकांनी मान वर करून एकच प्रश्न विचारला, “अहो, पण गळत नाही का?” गटातल्या सर्वांना हसू आले, तरी प्रश्न अत्यंत योग्य होता. अशा हिरव्या छताखाली जलरोधक थर, त्यावर मुळे भेदून जाऊ नयेत म्हणून आणखी एक थर, पाणी वाहून नेणारा खडीचा किंवा तत्सम थर आणि मग माती अशी रचना करावी लागते, आणि भिजलेल्या मातीचे वजन धरूनच स्लॅबची जाडी ठरवावी लागते. आधी बांधलेल्या गच्चीवर नंतर हौसेने माती टाकणे ही वेगळीच गोष्ट आहे. हे पाहून घरी परतल्यावर गच्चीवर ट्रॅक्टरभर माती चढवण्याचा बेत करणाऱ्यांनी आधी स्ट्रक्चरल अभियंत्याला विचारावे.

शेवटी छतावरचे सोनेरी, कांद्याच्या आकाराचे घुमट पाहावेत. घरावर सोनेरी घुमट असला की आत राहणाऱ्या सामान्य माणसाला राजासारखे वाटते, अशी त्यामागची कल्पना. माझे मत स्पष्ट सांगायचे तर घुमट मला पटले नाहीत. भिंत, खिडकी आणि झाड यांच्यामागे जी विचारांची शिस्त आहे ती तिथे जाणवत नाही. अनेक वास्तुविशारदांनी या संपूर्ण इमारतीलाच सजवलेले खोके म्हटले आहे. ही टीकाही सोबत घेऊन पाहावे, तिच्यामुळे पाहण्यातली गंमत कमी होत नाही.

पायाखाली पाहावे

आता रस्ता ओलांडून केगेलगासेच्या बाजूला यावे. इथे वाहनांना मज्जाव आहे, एक कारंजे आहे आणि फरसबंदी मुद्दाम उंचसखल केलेली आहे. सपाट जमीन यंत्रांसाठी असते, माणसाच्या पायांना चढउतार हवा, असे हुंडर्टवासर म्हणे. उंचसखल फरशी हे त्याच्या लेखी पायांसाठीचे संगीत होते. घराच्या आतले सामायिक मार्गही असेच लाटांसारखे आहेत, पण ते आपल्याला पाहता येत नाहीत.

इथे सगळे वर पाहत चालतात आणि ठेचकाळतात. सोबत गुडघेदुखी असलेले आई-वडील असतील तर त्यांना आधी कल्पना द्यावी आणि हात धरावा. जाड तळव्याचे बूट हवेत, सपाता नकोत. चाकाची खुर्ची असेल तर ल्योवेनगासेच्या पदपथावरूनच पाहणे सोयीचे पडते. फरसबंदीवर पाणी सांडलेले असताना ते कुठे साचते, कुठून वाहते हे मी बराच वेळ पाहत बसलो होतो. लहान मुलांनाही तेच आवडते, असे दिसले. एक मुलगी एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत होती आणि तिची आई मोबाइलमध्ये मान घालून बसली होती.

कारंज्याशेजारी टेकायला जागा मिळाली तर बसावे आणि बाटली नळाच्या पाण्याने भरून घ्यावी. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्स पर्वतातल्या झऱ्यांचे पाणी येते. त्यासाठीची पहिली जलवाहिनी १८७३ मध्ये सुरू झाली. ते नळाचे पाणी पिण्याचे असते, शोभेच्या कारंज्याचे नाही, एवढा फरक ध्यानात ठेवावा.

दारापाशी कसे वागावे

आत जाता येत नाही. दारावर तसे लिहिलेले आहे, तरीही दर थोड्या वेळाने कोणीतरी दार ढकलून पाहते. कोणी रहिवासी बाहेर पडताना उघडलेल्या दारातून त्याच्यामागे सटकणे, ‘फक्त जिना पाहतो’ म्हणून विनवणे, घंटा वाजवणे, हे सारे टाळावे. घंटांच्या पाटीवर नावे दिसली नाहीत तर नवल वाटू नये. युरोपातील माहिती-संरक्षणाच्या नव्या नियमांनंतर २०१८ मध्ये व्हिएन्ना महापालिकेने आपल्या सगळ्या भाड्याच्या घरांच्या घंटांवरची नावे काढून तिथे क्रमांक लावायचा निर्णय घेतला. जिथे शेजाऱ्याचे नावदेखील दारावर लावणे खासगीपणाचा भंग मानला जातो, तिथे खिडकीत उभ्या असलेल्या बाईवर कॅमेरा रोखणे काय मानले जाईल, हे वेगळे सांगायला नको.

इमारतीचा फोटो रस्त्यावरून, स्वतःच्या आठवणीसाठी, खुशाल काढावा. फोटो विकायचा असेल, दिनदर्शिकेत छापायचा असेल, तर मात्र सावध राहावे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात २००३ मध्ये याच घराच्या एका फोटोचा खटला निकाली निघाला. फोटो समोरच्या इमारतीतल्या एका सदनिकेतून, म्हणजे उंचावरून, काढलेला होता. रस्त्यावरून कोणालाही दिसते तेवढे दृश्य छापण्याची मुभा जर्मन कायदा देतो, पण दुसऱ्याच्या घरात चढून मिळवलेला कोन त्या मुभेत बसत नाही, असा निकाल लागला. ऑस्ट्रियाचा कायदा याबाबत अधिक सैल आहे, परंतु वर चढण्याची गरजही नाही. कोपऱ्यावरून तिरके उभे राहिले की दोन्ही रस्त्यांवरचे दर्शनी भाग एकाच चौकटीत येतात.

आवाजाबद्दल एक कबुली द्यायला हवी. आपण गटाने हिंडताना एकमेकांना पदपथाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाका मारतो. सकाळच्या शांत गल्लीत त्या हाका तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वच्छ ऐकू जातात.

समोरची बाजारपेठ

केगेलगासेच्या पलीकडे ‘हुंडर्टवासर व्हिलेज’ आहे. पूर्वी तिथे टायरची कार्यशाळा होती. १९९० च्या सुमारास हुंडर्टवासरने तिचे रूपांतर दुकाने आणि उपाहारगृह असलेल्या छोट्या बाजारात केले. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. घराच्या आत जाता न आल्याची थोडी भरपाई इथे होते, कारण तशाच वाकड्या फरश्या, फुगीर चिनीमातीचे खांब आणि मोझॅक इथे हाताने चाचपून पाहता येते. वस्तू महाग आहेत आणि बऱ्याचशा कुठल्याही पर्यटनस्थळी मिळणाऱ्या आहेत. मी एक पोस्टकार्ड घेतले आणि निघालो.

तळघरातले स्वच्छतागृह ‘आधुनिक कलेचे शौचालय’ म्हणून प्रसिद्ध आहे आणि त्यासाठी पैसे मोजावे लागतात. सुटी नाणी खिशात असावीत. रांग बस आल्यावर वाढते, म्हणून बस येण्याआधीच जाऊन यावे.

तिथून संग्रहालयाकडे

बहुतेक सहली इथूनच परत फिरतात आणि चूक होते ती इथेच. चालत सात-आठ मिनिटांवर, उंटेरे व्हाइसगेर्बरश्ट्रासे या रस्त्यावर, कुन्स्टहाउस व्हिन हे संग्रहालय आहे. थोनेट या प्रसिद्ध फर्निचर कंपनीच्या जुन्या कारखान्याच्या इमारतीत हुंडर्टवासरने ते उभारले आणि १९९१ मध्ये ते खुले झाले. दीर्घ नूतनीकरणानंतर २०२४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आहे. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा दर्शनी भाग आणि खिडक्यांतून बाहेर आलेली झाडे यांवरून ते दुरूनच ओळखू येते.

तिकीट काढून आत जावेच. हुंडर्टवासरची मूळ चित्रे, त्याच्या वास्तूंचे नमुने आणि त्याचे जाहीरनामे इथे आहेत, आणि मुख्य म्हणजे फरशी. घरात ज्या लाटांवरून चालायला मिळाले नाही त्या इथे पायाखाली येतात. पहिल्या पाच मिनिटांत बोटीवर असल्यासारखे वाटते, मग शरीर आपोआप तोल सांभाळू लागते. चित्रांसमोर उभे राहताना दोन्ही पाय वेगवेगळ्या उंचीवर असतात, त्यामुळे माणूस चित्रापुढे ताठ उभा राहतच नाही, किंचित झुकतो. हे मुद्दाम केले असेल की आपोआप झाले असेल, हा विचार करत मी एक तास फिरलो. झाड-भाडेकरू आतून पाहायचे असतील तर ते इथे दिसतात : खोलीच्या एका कोपऱ्यात मातीचा वाफा, आणि खिडकीतून बाहेर झेपावलेले खोड.

जेवणाचे म्हणाल तर शाकाहारी माणसाची अडचण होत नाही. फलाफलचे रोल सगळीकडे मिळतात. मात्र रविवारी व्हिएन्नातली बहुतेक किराणा दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी संध्याकाळीच ब्रेड, दही, फळे आणून ठेवावीत.

दुपार उरली असेल तर यू-चारची फेरी

दिवसातला उरलेला वेळ हिरव्या रंगाच्या यू-चार मेट्रोवर खर्च करावा. लांडश्ट्रासेहून हायलिगेनश्टाटच्या दिशेने बसावे आणि श्पिटेलाऊला उतरावे. स्थानकाबाहेर पाऊल टाकताच निळ्या रंगाची, सोनेरी गोळा मिरवणारी चिमणी दिसते. हा शहराचा कचरा जाळून घरांना उष्णता पुरवणारा प्रकल्प आहे. १९८७ मध्ये त्याला आग लागली, तेव्हा नव्याने उभारणी करताना महापौर हेल्मुट त्सिल्क यांनी हुंडर्टवासरला बोलावले. पर्यावरणाचा कैवार घेणारा माणूस कचरा जाळण्याच्या भट्टीला रंग कसा देईल, म्हणून त्याने आधी नकार दिला. प्रकल्पात धूर शुद्ध करणारी यंत्रणा असेल, आणि शेकडो घरांच्या चिमण्यांऐवजी एकाच ठिकाणाहून उष्णता मिळेल, हे पटवून दिल्यावर तो तयार झाला आणि इथेही त्याने मानधन घेतले नाही. नवे रूप १९९२ मध्ये पूर्ण झाले. पुढे जपानमधल्या ओसाका शहराने आपल्या माइशिमा येथील कचरा प्रकल्पासाठी त्याच्याकडूनच आराखडा करून घेतला. देवनारच्या कचरा डेपोवरून रोज ये-जा करणाऱ्या मुंबईकराने श्पिटेलाऊच्या फलाटावर पाच मिनिटे नाक वर करून उभे राहावे. वास येत नाही.

पुन्हा त्याच मेट्रोने पुढचे, म्हणजे शेवटचे, स्थानक हायलिगेनश्टाट. स्थानकासमोर कार्ल मार्क्स होफ ही वसाहत पसरली आहे. लांबी एक किलोमीटरहून अधिक, सदनिका १,३८२, बांधणी १९२७ ते १९३०, वास्तुविशारद कार्ल एन. पहिल्या महायुद्धानंतर घरांचा भयंकर तुटवडा असताना व्हिएन्नाच्या समाजवादी महापालिकेने श्रीमंतांवर चढा घरकर लावला आणि त्या पैशातून १९३४ पर्यंत ६०,००० हून अधिक भाड्याची घरे बांधली. ही वसाहत त्यांतली सगळ्यांत नावाजलेली. त्यात धुलाईघरे होती, स्नानगृहे होती, बालवाड्या होत्या. फेब्रुवारी १९३४ च्या यादवीत तिच्यावर तोफा डागल्या गेल्या.

हुंडर्टवासर हाऊस पाहून इथे आल्याशिवाय त्या घराचा अर्थ पुरता लागत नाही, असे मला वाटते. कमानी एका मापाच्या, खिडक्या एका रांगेत, रंग विटकरी आणि पिवळा असे ठरलेले दोनच, आणि तरीही रुंद अंगणात मोठाली झाडे, बाकांवर बसलेली म्हातारी माणसे, दोरीवर वाळत घातलेले कपडे. दोन्ही ठिकाणी मालक एकच, महापालिका. एका ठिकाणी तिने सगळ्यांना सारखे घर दिले, पन्नास वर्षांनी दुसऱ्या ठिकाणी प्रत्येकाला वेगळे.

जुन्या गेमाइंडेबाऊच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘व्हिएन्ना महापालिकेची निवासी वसाहत’ असे आणि पुढे बांधणीची वर्षे लिहिण्याची प्रथा आहे. ती अक्षरे शोधून वाचावीत. एकदा डोळ्यांना सवय लागली की परतीच्या वाटेवर ट्रामच्या खिडकीतून अशा पाट्या ठिकठिकाणी दिसू लागतात. मी त्या दिवशी मुक्कामावर पोहोचेपर्यंत अकरा मोजल्या, आणि बारावी आमच्या हॉटेलच्या समोरच होती, जिच्याकडे आम्ही चार दिवस पाहिलेच नव्हते.